पायावरचा आळ

मासवडीचा रस्सा सुनेच्या मांडीवर सांडला आणि माझ्या उजव्या पायावर आळ आला.

झालं असं की नात्यात डोहाळजेवण होतं. मासवड्या सुनेनं थापल्या होत्या, रस्सा मी केला होता, गाडी माझी होती आणि चालवतही मीच होते. सून शेजारी रश्श्याचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसलेली, मुलगा मागे. नारायणगावची गर्दी संपली, रस्ता मोकळा मिळाला आणि मी माझ्या नेहमीच्या चालीनं निघाले. माझी चाल म्हणजे सायकलवाल्यानं एकदा वळून बघावं आणि पुढं निघून जावं, अशी. तेवढ्यात गाडीनं उचकी दिली. मग दुसरी. तिसऱ्या उचकीला डब्याचं झाकण उडालं आणि तवंगासकट निम्मा रस्सा सुनेच्या मोतिया रंगाच्या नव्या साडीवर.

रस्सा कोमट होता, तेवढं नशीब. सून गुणी आहे. नुसते डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. बोलला तो मुलगा.

"आई, ॲक्सिलेटरवर पाय स्थिर ठेव की गं!"

"स्थिरच आहे."

"मग गाडी काय आपल्या मनानं नाचते?"

परत येताना त्यानं चालवली. एक उचकी नाही. घरी आल्यावर किल्ली स्वतःच्या खिशात टाकून म्हणाला, "बघ. माझ्याकडं नीट चालते, तुझ्याकडंच धक्के मारते. म्हणजे गाडीत दोष नाही. पाय थरथरतो तुझा, तुला कळत नाही. पंच्याहत्तरी आली, आई. आता बास." आणि तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर सहज सांगावं तसं सांगितलं, "रविवारी एक पाहुणे येतील गाडी बघायला. ओळखीचे आहेत. चांगल्या घरी जाईल."

चांगल्या घरी! मला माझ्या लग्नाची आठवण झाली. तेव्हाही असंच परस्पर ठरलं होतं.

तो दिवस गुरुवार. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते.

आता ही गाडी माझी कोण, हे सांगायला हवं. मी शाळेत शिक्षिका होते. आंबेगाव तालुक्यात, धरणाच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर माझी सगळी नोकरी गेली. गेली म्हणजे निम्मी वर्गात गेली आणि निम्मी घोडेगावच्या स्टँडवर. एसटी यायची तेव्हा यायची. आली तर भरलेली यायची. भरलेली नसली तर बंद पडायची. निवृत्त झाले त्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं आणि दोन महिन्यांत गाडी दारात आणली. ठरवलं, इथून पुढं कुणाची वाट बघायची नाही. तेव्हापासून बुधवारी घोडेगावची कामं, शनिवारी खोडदला माझ्या जुन्या सहशिक्षिकेकडं पत्ते. तिला ऐकू कमी येतं आणि मला पत्ते चोरायची सवय आहे, त्यामुळं आमचं छान जमतं. किल्ली गेली की हे सगळं गेलं. मग कुणाला तरी सवड असेल तेव्हा, कुणाच्या तरी मागच्या सीटवर, "आई, आवर लवकर" ऐकत बसायचं.

तशी गाडी शिकणारी ती अठ्ठावन्न वर्षांची बाई आज मला भेटली, तर मी तिला बाकावर उभी करीन. काय तोरा होता! शिकवणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी विचारलं, "क्लच म्हणजे काय, ते आधी नीट व्याख्येसकट सांगा." तो बिचारा म्हणाला, "आज्जी, दाबायचा." वळताना मी इंडिकेटर द्यायचे, खिडकीतून हात काढायचे आणि वर "वळतेय हो!" असं ओरडायचे. आणि दसऱ्याला गाडीची पूजा तर अशी साग्रसंगीत करायचे की सून म्हणायची, "आई, गाडीची पूजा चाललीय की देवीची ओटी भरताय?" मी म्हणायचे, करायचं ते यथासांग करावं. हे यथासांग प्रकरण पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

शुक्रवारी सकाळी मुलगा त्याच्या नव्या गाडीतून चाकणला कामावर गेला. किल्ली त्यानं जप्त केली होती, पण गाडीला दोन किल्ल्या असतात हे तो विसरला होता. दुसरी देवघरात होती, अन्नपूर्णेच्या वाटीत तांदळाखाली. सतरा वर्षं तिची पूजा झाली होती, त्यामुळं मला तिचा भरवसा वाटत होता.

मी गाडी बाहेर काढत असताना सून ओट्यावरून बघत होती. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "मी काही बघितलं नाही. येताना कोथिंबीर आणा."

उचक्या खात घोडेगावला पोचले. खरं सांगायचं तर लहान लहान उचक्या वर्षभरापासून होत्याच. मी त्या रस्त्याच्या खात्यावर टाकत होते. आपल्याकडच्या रस्त्यांवर अशी सोय असते.

घोडेगावात माझ्या एका विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. विद्यार्थी म्हणजे आता साठीला टेकलेला, मिशा पांढऱ्या झालेला गृहस्थ. पण मला बघितलं की अजून हातातला पाना पाठीमागं लपवतो. त्याला कारण आहे. तो चौथीत असताना त्यानं शाळेचं गजराचं घड्याळ उघडलं होतं. सगळी चाकं रुमालावर ओळीनं मांडून बसला होता. मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची, जगातलं सगळं कळून चुकलेली. छडीनं दोन्ही हात लाल केले आणि वर भविष्य सांगितलं की तुझे हात जन्मभर काळेच राहणार. त्यानं रडत रडत घड्याळ पुन्हा जोडलं. रोज दहा मिनिटं मागं पडणारं घड्याळ त्या दिवसापासून बरोबर चालायला लागलं. साहेब तपासणीला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, घड्याळ मी दुरुस्त केलं.

"बाई!" तो पुढं आला. "तुमी यकट्या आल्या? साहेबांनी सोडलं?" माझ्या मुलाला तो साहेब म्हणतो.

"साहेबांना माहीत नाही. आणि कळायचं कारण नाही. गाडी उचक्या देते. दोष माझ्या पायात आहे की गाडीत, ते मला आज लेखी हवंय."

त्यानं गाडी घेतली, स्टँडपर्यंत वाऱ्यासारखा गेला आणि वाऱ्यासारखा आला. "कायबी न्हाई बाई. लई मस्त पळती."

"तू पळवलीस. मी चालवते. बस शेजारी."

तहसील कचेरीच्या वळणापर्यंत गाडीनं दोन दणदणीत उचक्या दिल्या. त्यानं पुढचा डॅशबोर्ड धरला आणि पहिल्यांदा कुठं बघितलं, तर माझ्या पायाकडं.

"पायाकडं काय बघतोस?"

"न्हाई बाई, चप्पल बघत व्हतो. नवी हाय का?"

"आता तू चालव. माझ्यासारखी."

हे त्याला जमेना. चाळिशीच्या खाली काटा आला की त्याचा पाय आपोआप दाबला जायचा. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "हळू." एक म्हैस आमच्या बरोबरीनं चालत होती, ती थोडा वेळ आमच्याकडं बघत राहिली आणि मग कंटाळून पुढं गेली. त्याचा चेहरा शरमेनं काळवंडला. गावात ओळखीचे लोक होते. आणि तेवढ्यात, त्याचा पाय ॲक्सिलेटरवर नुसता टेकलेला असताना, गाडीनं उचकी दिली.

"मारला! बाई, धक्का मारला!" गणित सुटल्यासारखा तो ओरडला.

म्हणजे गाडी जोरात चालवणाऱ्याला काही होत नव्हतं. हळू चालवणाऱ्यालाच होत होतं. माझा मुलगा कायम पाय दाबून चालवतो. जीव थोडा हलका झाला.

गॅरेजमध्ये परत आल्यावर तो म्हणाला, "प्लग आसतील. न्हाईतर पेट्रोलमधी कचरा. दोनी बदलून टाकतो."

"ताळा केलास का?"

तो जागच्या जागी थांबला. चौथीत थांबायचा तसाच. माझ्या वर्गात उत्तर नुसतं बरोबर असून चालायचं नाही. वजाबाकी केली तर बेरीज करून दाखवायची, भागाकार केला तर गुणून दाखवायचा. ताळा नसेल तर उत्तरावर मी लाल फुली मारायचे, उत्तर बरोबर असलं तरी. पोरं मला पाठीमागं ताळेबाई म्हणायची. मला माहीत होतं. आवडायचंही.

"ताळा करतो बाई," तो म्हणाला आणि आत बसून किल्ली फिरवली. मग पुढं वाकला. "बाई, ह्ये काय?"

डॅशबोर्डवर, काट्यांच्या चकत्यांमध्ये एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती.

"टिकली आहे," मी म्हणाले.

"ती दिसली. गाडीला कशापायी?"

त्यानं नखानं टिकली काढली. खाली इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा ठळक पेटलेला होता.

आता मला सांगावं लागलं. चार वर्षांपूर्वी तो दिवा अधूनमधून लागायला लागला. संध्याकाळी डोळ्यात खुपायचा. मी विचार केला, गाडी चालतेय ना? मग हा कशाला मधे मधे बोलतो? माझी एक टिकली लावून टाकली. वर्गात बोट वर करणाऱ्या पोराला "खाली बस" म्हणायचे, तसंच. चार वर्षं तो बिचारा टिकलीखाली बोट वर करून बसला होता. मुलाला वाटलं ती शोभेची आहे. त्याचं वडिलांसारखंच आहे, बाईमाणसानं कुठं काय लावलंय याकडं त्याचं कधी लक्ष नसतं.

त्यानं स्टेअरिंगच्या खाली एक छोटं यंत्र जोडलं, त्यावर आकडे आले. "थ्रॉटल पोझिशन सेन्सर," त्यानं वाचलं.

"मराठीत सांग."

त्यानं बॉनेट उघडून दाखवलं आणि खरंच चांगलं शिकवलं. माझ्यापेक्षा बरं. आपण पाय दाबतो, त्याची तार इंजिनापाशी एक झडप उघडते. झडप जेवढी उघडी, तेवढी हवा आत. गाडीचा कॉम्प्युटर त्या हवेच्या मापानं पेट्रोल सोडतो. पण कॉम्प्युटरला झडप दिसत नाही. म्हणून झडपेच्या दांड्यावर एक काडेपेटीएवढी काळी डबी बसवलेली असते. दांडा किती फिरला, ते ती वायरीतून कळवत राहते.

"म्हणजे वर्गाचा मॉनिटर," मी म्हणाले. "बाई बाहेर गेल्या की वर्गात काय चाललंय ते सांगणारा."

"आन मॉनिटर खोटं बोलाय लागला, की बाई भलत्यालाच हाणतात." असं म्हणून तो दुसरीकडं बघायला लागला.

हा टोला होता. मी सोडून दिला. गाडी त्याच्या ताब्यात होती.

"डबी खराब हाय. बदलू."

"यंत्रानं तक्रार केली. पुरावा कुठाय? वायर तुटली असेल, जोड सैल असेल."

त्यानं कपाळाला हात लावला, पण मीटर आणायला गेला. मीटर म्हणजे वीज मोजायचं यंत्र, एक लाल वायर, एक काळी. लाल वायरीचं टोक त्या डबीच्या जोडाच्या पाठीमागून आत शिरेना. "बाई, येखादी पिन हाय का?" मी पदराची सेफ्टी पिन काढून दिली. आयुष्यभर त्या पिनेनं माझी लाज राखली, आज माझा पाय राखणार होती.

इंजिन बंद, किल्ली चालू. मी आत बसून ॲक्सिलेटर मुंगीच्या पावलानं दाबत गेले, तो आकडे वाचत गेला आणि मी मांडीवरच्या वहीत लिहीत गेले. अर्धा व्होल्ट. पॉइंट सहा. पॉइंट सात. पॉइंट आठ. पॉइंट नऊ. "बाई, पडला! पॉइंट दोन!" मग पुढं पुन्हा एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन, आणि तिथून वरपर्यंत बिनतक्रार.

"परत," मी म्हणाले.

तीनदा केलं. तिन्ही वेळा पॉइंट नऊच्या पुढच्या पायरीवर आकडा धाडकन खाली. वहीत तीन रकाने, तिन्हींत एकाच ओळीवर खड्डा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पाय थरथरत असता तर दरवेळी वेगळ्या जागी थरथरला असता. एकाच जागी नेमानं थरथरणारा पाय अजून जन्माला यायचाय. आणि ती जागा म्हणजे बरोबर माझ्या चालीची, पाय नुसता टेकलेला असताना झडप जिथं असते ती. मुलगा ती जागा ओलांडून धाडकन पुढं जातो, म्हणून त्याला खड्डा लागत नाही.

"आता ताळा," तो स्वतःहून म्हणाला. "बाई, खाली उतरा."

मी उतरले. त्यानं बॉनेटखाली हात घालून झडप हातानंच हळूहळू फिरवली. गाडीत कुणीच नव्हतं. पॉइंट आठ, पॉइंट नऊ, पॉइंट दोन.

त्या वेळी माझे दोन्ही पाय त्याच्या गॅरेजच्या फरशीवर होते. मी मुद्दाम खाली वाकून खात्री करून घेतली.

नवी डबी पुण्याहून दुसऱ्या दिवशी येणार होती. मी कोथिंबिरीची जुडी घेऊन उचक्या देत घरी गेले, गाडी होती तशी शेडमध्ये लावली, किल्ली तांदळाखाली ठेवली. मुलगा आला, गाडीवरून एक नजर टाकली आणि म्हणाला, "धुऊन काढायला पाहिजे रविवारच्या आत." मी म्हटलं, "हो रे बाळा."

शनिवारी मुलगा कामावर गेल्यावर खोडदचे पत्ते बुडवले आणि पुन्हा घोडेगावला. डबीच्या दोन स्क्रूंपैकी एक गंजून बसला होता. त्यानं तेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा तेल सोडलं. मी म्हटलं, "जोर लाव." तो म्हणाला, "बाई, घड्याळाच्या टायमाला जोर तुमी लावला व्हता. मी न्हाई." स्क्रू हळूच सुटला.

जुनी डबी निघाली. जोडाच्या पितळी दातांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं, ते त्यानं फवारा मारून ब्रशनं साफ केलं. नवी डबी बसवली, पण स्क्रू सैल ठेवले. मीटरवर बरोबर अर्धा व्होल्ट येईपर्यंत ती केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवली आणि मग आवळली. पुन्हा मी आत, पुन्हा वही, पुन्हा रकाने. या वेळी आकडे शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारखे एकापाठोपाठ उभे. मग बॅटरीची एक वायर थोडा वेळ काढून ठेवली. जुन्या डबीच्या सवयी विसरायला कॉम्प्युटरला तेवढंच लागतं म्हणे. मला पंच्याहत्तर वर्षं पुरली नाहीत.

स्टँडला वळसा घालून आले. माझ्या चालीनं. एक उचकी नाही. म्हैससुद्धा कालचीच होती, असा माझा समज आहे. या वेळी तिनं बघितलंही नाही.

मी परत येऊन बघते तर तो जुन्या डबीचं झाकण उचकटून बसला होता. त्याला आतलं बघायची खोड पहिल्यापासूनच.

"बाई," तो म्हणाला, "जरा हिकडं या."

डबीत एक काळी, नखाएवढी रुंद, वाकडी पट्टी होती. तिच्यावरून एक बारीक पितळी बोट सरकत असतं. त्या पट्टीवर, सुरुवातीच्या जरा पुढं, एक वाळलेला लेप बसला होता. तांबडा. कडेला पिवळसर.

"ह्ये कुकू हाय," तो म्हणाला. "आन हळद."

मी डबी हातात घेतली. नाकाशी नेली. खोबऱ्याचा वास येतो की काय, असंही मला वाटून गेलं.

तर आता ते यथासांग प्रकरण. दुसरे लोक दसऱ्याला गाडीच्या तोंडाला हार घालतात, पुढं नारळ फोडतात, झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षीच्या माझ्यासारख्या विदुषीला ते पटलं नाही. मी म्हटलं, कपाळाची पूजा कशाला, काळजाची करावी. म्हणून मी बॉनेट उघडायचे, आत मध्यभागी जे सगळ्यात महत्त्वाचं दिसेल त्याला हळदकुंकू वाहायचे, आणि नारळाचं पाणी, तीर्थ म्हणून, वरून चांगलं दोन-तीन वेळा शिंपडायचे. सगळ्यात महत्त्वाची दिसायची ती नेमकी ही झडप. दरवर्षी. एक दसरा चुकवला नाही. आणि हीच बाई विज्ञानाच्या तासाला पोरांना सांगायची, वीज आणि पाणी एकत्र आणू नये. फळ्यावर चित्र काढून सांगायची!

टिकली लावली, हळदकुंकू लावलं, नारळ दिला. गाडीची मी अगदी सवाष्ण करून टाकली होती.

"बाई, पाय निर्दोष हाय," तो म्हणाला. मिशीत हसू दाबत होता. "हाताचं काय करायचं?"

"कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? आपल्या वर्गाचा नियम काय व्हता? ज्याचं गणित चुकलं, त्यानंच फळ्यापाशी यायचं आन सगळ्यांम्होरं चूक वाचून दाखवायची. मी लई वेळा वाचलीय."

जुनी डबी त्यानं वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिली. निघताना मी म्हटलं, "ते घड्याळ तू दुरुस्त केलं होतंस. तपासणीच्या साहेबांना मी माझं नाव सांगितलं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "मी दारामागं हुबा व्हतो."

रविवारी सकाळी पाहुणे आले. साठीचे, गोरेघारे, टोपीवाले. सुनेनं पोहे केले. गाडी बघायला आलेल्या माणसाला कांदेपोहे द्यायचे, याचं मला फार हसू येत होतं, पण मी डोक्यावर पदर घेऊन गंभीर उभी राहिले. मुलगा म्हणाला, "चला, एक चक्कर मारू."

"मी चालवते," मी म्हणाले आणि तांदळातली किल्ली पुढं केली.

त्यानं किल्लीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं. सून म्हणाली, "मी डबा घेऊन पुढं बसते." आणि खरंच ती आतून कालच्या आमटीचा डबा घेऊन आली. झाकण न लावता. साडी मात्र जुनी नेसली होती. भरवसा आणि अक्कल दोन्ही असलेली सून मिळायला भाग्य लागतं.

खोडदच्या रस्त्यानं, दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या दिसतात त्या वळणापर्यंत गेलो आणि आलो. माझ्या चालीनं. आमटीवर तरंगसुद्धा उठला नाही. मागच्या सीटवर मुलगा आधी आमटीकडं, मग माझ्या पायाकडं आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. पंचाईत वेगळीच झाली. पाहुणे खूश झाले. "लई गुळगुळीत चालती ओ! कधी नेऊ?"

अंगणात उतरल्यावर मी वही उघडून तीन रकाने दाखवले. खड्डा दाखवला. पाय गाडीबाहेर असताना झालेला ताळा सांगितला. मुलानं वही दोनदा वाचली. तो माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याला ताळा कळतो.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

इथं थांबता आलं असतं. तिशीतली मी नक्की थांबले असते, आणि वर दोन शब्द सुनावलेही असते. पण पिशवीतली डबी मला टोचत होती. ती सांगितली तर तो म्हणणार, म्हणजे बिघडवलीस तूच, आण किल्ली इकडं. तरी मी डबी काढली आणि पाहुण्यांसकट सगळ्यांसमोर चूक वाचून दाखवली. टिकलीपासून नारळाच्या पाण्यापर्यंत, गाडीची सवाष्ण केली इथवर.

पाहुणे एवढे हसले की त्यांची टोपी पडली. टोपी झटकत म्हणाले, "मुलगी सवाष्ण हाय म्हणता, मंग तिला पुन्हा कशाला उजवता?" आणि पोह्यांची दुसरी बशी संपवून निघून गेले.

मुलगा मात्र हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता किल्ली मागणार. त्यानं काहीच मागितलं नाही. तो हळूच त्याच्या नव्या गाडीपाशी गेला आणि बॉनेट उघडलं. आम्ही दोघी मागून डोकावलो. आत, अगदी मध्यभागी, हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा आणि खाली ओघळलेले डाग.

"हे कुणी शिकवलं रे तुला?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे?" तो म्हणाला. "यथासांग करावं, कोण म्हणायचं?" आणि जरा थांबून, "परवापासून सिग्नलला थोडी बंद पडतेय."

सोमवारी त्याची गाडी घोडेगावला पोचवली. पुढं तो, मागं मी. ती तिथंच ठेवून तो माझ्या गाडीत शेजारी बसला, मी त्याला मंचरपर्यंत सोडणार होते. तिथून त्याला कामावर जायची बस होती. मी माझ्या चालीनं निघाले. वाटेत समोरून ट्रक दिसला की त्याचा उजवा पाय खाली नसलेला ब्रेक दाबायचा, आणि ट्रक गेला तरी कितीतरी वेळ थरथरत राहायचा.